‘टेराकोटा’पासून सुरुवात : मराठी भाषकांनी इटालियन उपपदे आणि विशेषणे कशी शिकावीत

धाराशिव जिल्ह्यातील तेर येथे रामलिंगप्पा लामतुरे यांच्या नावाचे वस्तुसंग्रहालय आहे. तेथील भाजलेल्या मातीच्या मूर्ती पाहताना आपण ‘टेराकोटा’ हा शब्द सहज वापरतो, पण तो इटालियन भाषेतील एक नाम आणि एक विशेषण यांचा जोड आहे, हे आपल्या लक्षात येत नाही. ‘तेर्रा’ म्हणजे माती आणि ‘कोत्ता’ म्हणजे भाजलेली किंवा शिजवलेली. मराठीत माती स्त्रीलिंगी आहे, म्हणून आपण ‘भाजलेला माती’ असे कधी म्हणत नाही. इटालियनमध्ये ‘तेर्रा’ही स्त्रीलिंगीच आहे, म्हणून तेथे ‘कोत्तो’ न होता ‘कोत्ता’ झाले. अनेकवचन करताना दोन्ही शब्द बदलतात आणि ‘तेर्रेकोत्ते’ असे रूप होते. नामाचे लिंग आणि वचन पाहून विशेषणाने आपला शेवट बदलायचा, हा इटालियन विशेषणांचा मूळ नियम या एका शब्दात सापडतो, आणि मराठी माणसाला तो नव्याने शिकावा लागत नाही.

आपल्याकडे इटालियन शिकणाऱ्यांपैकी कोणाला अजिंठा-वेरूळला येणाऱ्या पर्यटकांशी बोलायचे असते, कोणी उच्च शिक्षणासाठी तिकडे जाण्याच्या तयारीत असतो, तर कोणाला केवळ भाषेची आवड असते. कारण कोणतेही असले तरी बहुतेक जण इंग्रजीतून लिहिलेले पुस्तक किंवा मोबाइलवरील ॲप हाती घेतात, आणि येथेच गफलत होते. इंग्रजीत विशेषण कधीच बदलत नाही, म्हणून ही पुस्तके विशेषणाचे रूप बदलते हे पटवून देण्यात पानेच्या पाने खर्च करतात. उलट इंग्रजीत उपपद (नामापुढचे ‘द’, ‘अ’) असते, म्हणून उपपद मुळात का लावायचे याची बोळवण दोन ओळींत करतात. आपली गरज याच्या नेमकी उलट आहे. विशेषण बदलण्याची सवय आपल्या जिभेला जन्मापासून आहे, पण उपपद ही वस्तू मराठीत नाही. मी स्वतः पहिले काही महिने प्रत्येक वाक्य मनात आधी इंग्रजीत आणि मग इटालियनमध्ये करीत असे. ‘घर मोठे आहे’ एवढे सांगून होईपर्यंत समोरचा माणूस दुसऱ्या विषयाकडे वळलेला असे. मराठीतून सरळ इटालियनकडे जाणे हा त्यापेक्षा जवळचा रस्ता आहे.

उच्चारांविषयी थोडक्यात सांगणे पुरेसे आहे. इटालियनमधील ‘त’ आणि ‘द’ आपल्यासारखेच दंत्य आहेत, त्यामुळे इंग्रजीच्या सवयीने ‘ट’ आणि ‘ड’ करू नयेत. व्यंजनाचे द्वित्व स्पष्ट ऐकू आले पाहिजे. ‘पता’ आणि ‘पत्ता’ यांतील फरक ज्याला कळतो, त्याला ‘रोस्सो’ (तांबडा) यातील जोर वेगळा शिकवावा लागत नाही. मराठीत ‘च’ दोन प्रकारांनी उच्चारला जातो, आणि इटालियनमध्ये हे दोन्ही उच्चार भेटतात. ‘चिंच’मधला पहिला, तालव्य ‘च’ हा ‘आमीची’ (मित्र, अनेकवचन) या शब्दात येतो, तर ‘चाक’मधला ‘च’ हा जवळजवळ ‘पित्सा’तील ‘त्स’ आहे. निझाम सरकारने १९२० च्या सुमारास अजिंठ्याच्या चित्रांच्या जतनासाठी ज्या इटालियन तज्ज्ञांना बोलावले होते, त्यांच्यापैकी लोरेंत्सो चेक्कोनी यांच्या नावातच हे दोन्ही उच्चार आहेत: ‘लोरेंत्सो’त चाकाचा आणि ‘चेक्कोनी’त चिंचेचा.

आधी लिंग, आणि तेही उपपदासह

इटालियनमध्ये पुल्लिंग आणि स्त्रीलिंग अशी दोनच लिंगे आहेत. संस्कृत आणि मराठीप्रमाणे लॅटिनमध्ये नपुंसकलिंग होते, परंतु इटालियनपर्यंत येताना ते लोपले आणि त्यातील बहुतेक नामे पुल्लिंगात गेली. मराठवाड्यातील वाचकाला अशा फेरबदलाचे नवल वाटू नये, कारण आपल्या कानांवर उर्दू आणि हिंदी लहानपणापासून पडत असते: मराठीत ‘ते पाणी’ आणि ‘ते पुस्तक’ म्हणणारा माणूस शेजाऱ्याशी बोलताना ‘ठंडा पानी’ आणि ‘अच्छी किताब’ सहज म्हणतो. तीच लवचिकता येथे वापरायची आहे. घर म्हणजे ‘कासा’ स्त्रीलिंगी आहे, पुस्तक म्हणजे ‘लीब्रो’ पुल्लिंगी, पाणी म्हणजे ‘आक्क्वा’ स्त्रीलिंगी आणि फूल म्हणजे ‘फियोरे’ पुल्लिंगी. आपला चंद्र तेथे ‘लूना’ होऊन स्त्रीलिंगात जातो.

साधारणपणे ‘ओ’ने संपणारे नाम पुल्लिंगी आणि ‘आ’ने संपणारे स्त्रीलिंगी असते. ‘ए’ने संपणारे नाम मात्र कोणत्याही लिंगाचे असू शकते, आणि ते केवळ पाहून ओळखता येत नाही. अपवादही आहेतच. हात म्हणजे ‘मानो’ हा ‘ओ’ने संपूनही स्त्रीलिंगी आहे, तर ग्रीकमधून आलेले ‘प्रोब्लेमा’, ‘सिस्तेमा’, ‘तेमा’ हे ‘आ’ने संपूनही पुल्लिंगी आहेत. माझ्या वहीत ‘मानो’ कितीतरी दिवस पुल्लिंगी होता, कारण मी तो उपपदाशिवाय पाठ केला होता. म्हणून माझा पहिला आणि सर्वांत आग्रहाचा सल्ला असा आहे की कोणतेही नाम एकटे पाठ करू नये. ‘कासा’ नव्हे तर ‘ला कासा’, ‘लीब्रो’ नव्हे तर ‘इल लीब्रो’ असा जोड एकच शब्द समजून तोंडी बसवावा. शब्दकोशात नामापुढे पुल्लिंगाची किंवा स्त्रीलिंगाची खूण असते. ती पाहिल्याशिवाय नाम वहीत उतरवू नये.

उपपदांचे काम

निश्चित उपपद म्हणजे काय, हे समजण्यासाठी मराठीतील ‘तो’, ‘ती’ ही दर्शक सर्वनामे आठवावीत. ‘कालचा तो माणूस पुन्हा आला’ या वाक्यातील ‘तो’ ऐकणाऱ्याला ओळखीच्या माणसाकडे नेतो. लॅटिनमध्येही उपपद नव्हते. तेथील ‘तो’, ‘ती’ अशा अर्थाचे दर्शक शब्द झिजून इटालियनची ‘इल’, ‘लो’, ‘ला’ ही उपपदे झाली, आणि ‘एक’ या संख्यावाचकापासून ‘उन’, ‘ऊना’ ही अनिश्चित उपपदे झाली. ‘एक होता राजा’ म्हणताना आपण राजे मोजत नसतो. तो ‘एक’ म्हणजेच ‘उन’. फरक एवढाच की मराठीत हे शब्द गरजेपुरते येतात आणि इटालियनमध्ये बहुतेक नामांपुढे ते लावावेच लागतात. मला कॉफी आवडते असे सांगतानाही ‘इल काफ्फे’ म्हणावे लागते, आणि देशाच्या नावालाही उपपद लागते. शहरांच्या नावांना मात्र सहसा लागत नाही, त्यामुळे लातूर, नांदेड, परभणी यांच्यापुढे काही जोडू नये.

पुल्लिंगी एकवचनी नामापुढे बहुधा ‘इल’ येते: ‘इल लीब्रो’, ‘इल फियोरे’. परंतु नाम ‘स’ आणि त्यानंतरचे व्यंजन अशा जोडाक्षराने सुरू होत असेल, तर ‘लो’ येते: ‘लो स्तुदेंते’ म्हणजे विद्यार्थी. आपल्याकडची जुनी माणसे ‘स्टेशन’ म्हणताना अडखळत आणि ‘इस्टेशन’ किंवा नुसते ‘टेशन’ म्हणत. इटालियन भाषकाने तीच अडचण उपपदाच्या शेवटी एक स्वर ठेवून सोडवली आहे. ‘त्स’ किंवा ‘द्झ’ या उच्चाराने सुरू होणाऱ्या नामांनाही ‘लो’च लागते, जसे ‘लो त्सीओ’ (काका किंवा मामा) आणि ‘लो द्झाइनो’ (पाठीवरची पिशवी). ‘लो योगा’ हाही याच वर्गातला आहे. मात्र प्रत्येक जोडाक्षर हे काम करत नाही. रेल्वे म्हणजे ‘त्रेनो’, त्याचे ‘इल त्रेनो’च होते. स्त्रीलिंगी नामांचे काम सोपे आहे, कारण कोणतेही व्यंजन असले तरी तेथे ‘ला’ असते. नाम स्वराने सुरू झाले, तर दोन्ही लिंगांत उपपदाचा स्वर गळतो, लेखनात त्या जागी लोपचिन्ह (अपॉस्ट्रॉफी) येते आणि उच्चारात संधी होतो: ‘आमीको’ (मित्र) याचे ‘लामीको’ आणि ‘आक्क्वा’ याचे ‘लाक्क्वा’.

अनेकवचनात ‘इल’चे ‘ई’ होते, ‘ला’चे ‘ले’ होते, आणि ‘लो’ तसेच लोपचिन्ह असलेले पुल्लिंगी उपपद या दोहोंचे ‘ल्यी’ होते: ‘ई लीब्री’, ‘ले कासे’, ‘ल्यी स्तुदेंती’, ‘ल्यी आमीची’. या ‘ल्यी’च्या इटालियन लेखनात आरंभी ‘ग’चे अक्षर दिसते, म्हणून नवशिका ‘ग्ली’ असे वाचतो. तो ‘ग’ उच्चारात येत नाही, जीभ टाळूला टेकवून ‘ल’ आणि ‘य’ एकत्र म्हणावे. अनिश्चित उपपदांत ‘उन’ पुल्लिंगी, ‘लो’ लागणाऱ्या नामांपुढे ‘ऊनो’ आणि स्त्रीलिंगी ‘ऊना’ असते. येथे लेखनातील एक बारकावा आहे: स्वराने सुरू होणाऱ्या स्त्रीलिंगी नामापुढे ‘उन’ला लोपचिन्ह द्यावे लागते, पुल्लिंगी नामापुढे देऊ नये. मित्र आणि मैत्रीण यांच्याआधीचा ‘उन’ कानाला सारखाच असतो, कागदावर मात्र वेगळा.

सर्वांत जास्त विसरला जाणारा नियम असा की उपपदाचे लिंग-वचन नामावरून ठरते, पण त्याचे रूप लगेच पुढे येणाऱ्या शब्दाच्या ध्वनीवरून ठरते. ‘लो स्तुदेंते’ म्हणायचे, पण मध्ये ‘हुशार’ या अर्थाचे ‘ब्रावो’ आले की ‘इल ब्रावो स्तुदेंते’. ‘इल लीब्रो’ म्हणायचे, पण ‘दुसरे पुस्तक’ म्हणताना ‘आल्त्रो’च्या स्वरामुळे ‘लाल्त्रो लीब्रो’. तोंडाला सोयीचे काय, हे येथे व्याकरण ठरवते.

विशेषणाचे शेवट, आणि मराठी कानाला लागणारा चकवा

मैफलीत कलावंताला दाद देताना उच्चारला जाणारा ‘ब्राव्हो’ हा खरे तर चार रूपांचे विशेषण आहे. एका पुरुषाला ‘ब्रावो’, एका स्त्रीला ‘ब्रावा’, अनेक पुरुषांना किंवा मिश्र समूहाला ‘ब्रावी’ आणि अनेक स्त्रियांना ‘ब्रावे’. मराठीत ‘चांगला मुलगा, चांगली मुलगी, चांगले मूल’ आणि पुढे ‘चांगले मुलगे, चांगल्या मुली, चांगली मुले’ अशी सहा घरे भरावी लागतात, शिवाय ‘चांगल्या मुलाला’ असे सामान्यरूप सांभाळावे लागते. इटालियनमध्ये घरे चारच आहेत आणि सामान्यरूप अजिबात नाही. म्हणजे ओझे कमीच आहे.

तरीही मराठी भाषक येथे चुकतो, आणि त्याचे कारण मी कोणत्याही इंग्रजी पुस्तकात वाचलेले नाही. दोन्ही भाषांतील शेवटचे स्वर तेच आहेत, पण त्यांनी जागा बदलल्या आहेत. आपल्या कानाला ‘आ’ म्हणजे पुरुष: मोठा, काळा, पिवळा. इटालियनमध्ये ‘आ’ म्हणजे स्त्री: ‘रोस्सा’ म्हणजे तांबडी. आपल्याकडे ‘ई’ ही एका स्त्रीची खूण आहे, तर तेथे ‘रोस्सी’ म्हणजे तांबडे, पुल्लिंगी अनेकवचन. ‘काळे बैल’मधला आपला पुल्लिंगी अनेकवचनी ‘ए’ तेथे ‘रोस्से’ होऊन स्त्रियांकडे गेला आहे. म्हणून थकलेल्या अवस्थेत चांगला तयार झालेला विद्यार्थीही ‘ला कासा रोस्सी’ म्हणून जातो. त्याचे व्याकरण पक्के असते, पण त्याची मराठी जागी होते. यावर घोकंपट्टीपेक्षा जोड्या ऐकणे आणि मोठ्याने म्हणणे अधिक उपयोगी पडते. ‘ला कासा रोस्सा, ले कासे रोस्से, इल लीब्रो रोस्सो, ई लीब्री रोस्सी’ हे चार जोड रोज सकाळी दहा वेळा म्हटले, तर काही आठवड्यांत कान वळतो.

दुसऱ्या गटातील विशेषणे ‘ए’ने संपतात आणि त्यांची दोनच रूपे असतात: ‘ग्रांदे’ (मोठा, मोठी) आणि अनेकवचनी ‘ग्रांदी’, ‘वेर्दे’ (हिरवा, हिरवी) आणि ‘वेर्दी’. तिसरा छोटा गट अजिबात न बदलणाऱ्यांचा आहे, ज्यात निळा ‘ब्लू’, गुलाबी ‘रोझा’ आणि जांभळा ‘व्योला’ येतात. मराठीतही विकारी आणि अविकारी अशी विभागणी आहेच, पण रंगांचे वाटप उलटसुलट झाले आहे. आपला ‘लाल’ कधी बदलत नाही, त्यांचा ‘रोस्सो’ बदलतो. आपला ‘निळा’ बदलतो, त्यांचा ‘ब्लू’ दगडासारखा बसलेला असतो.

यासाठी पैठणीचे उदाहरण घेण्यासारखे आहे. साडीला इटालियनमध्ये ‘सारी’ असेच म्हणतात, पण तो शब्द तेथे पुल्लिंगी आहे आणि अनेकवचनातही बदलत नाही. त्यामुळे आपली हिरवी पैठणी ‘इल सारी वेर्दे’ होते, लाल पैठणी ‘इल सारी रोस्सो’, आणि अनेक लाल पैठण्या ‘ई सारी रोस्सी’. नाम जसेच्या तसे राहिले, म्हणून एक की अनेक हे उपपद आणि विशेषण यांनीच सांगितले. अशा नामांवर सराव केला की उपपद ही शोभेची वस्तू नाही, हे आपोआप पटते.

आणखी एक चूक नोंदवायला हवी. जुळणी म्हणजे यमक नव्हे. ‘इल फियोरे रोस्सो’ (तांबडे फूल), ‘ला मानो पिक्कोला’ (लहान हात), ‘ला कासा ग्रांदे’ या जोड्यांत नाम आणि विशेषण यांचे शेवट वेगळे आहेत आणि तरीही जुळणी अचूक आहे, कारण विशेषण नामाचे लिंग पाहते, त्याचा शेवट पाहत नाही. ‘मोठी गाय’ म्हणताना आपणही यमक शोधत नाही. वेरूळला वाटाड्याचे काम करणाऱ्या तरुणाने हे विशेष लक्षात ठेवावे, कारण ‘ग्वीदा’ म्हणजे वाटाड्या हा शब्द पुरुषासाठी वापरला तरी स्त्रीलिंगीच राहतो. उत्तम वाटाड्या पुरुष असला तरी ‘ऊना ब्रावा ग्वीदा’च. यात संकोच वाटण्याचे कारण नाही. मराठीत ‘व्यक्ती’ पुरुष असली तरी आपण ‘चांगली व्यक्ती’ असेच म्हणतो.

‘को’ने संपणाऱ्या विशेषणांचे अनेकवचन थोडे त्रासदायक आहे. ‘आंतीको’ (प्राचीन) याचे ‘आंतीकी’ होते आणि ‘क’ टिकतो, तर ‘सिंपातिको’ (मनमिळाऊ) याचे ‘सिंपातिची’ होऊन ‘क’चा ‘च’ होतो. स्त्रीलिंगी अनेकवचनात मात्र ‘क’ नेहमी टिकतो, त्यामुळे लेणी म्हणजे ‘ग्रोत्ते’ यांचे वर्णन ‘ले ग्रोत्ते आंतीके’ असे करताना चिंता नको. चित्रे ‘ई दिपिंती आंतीकी’ होतात.

विशेषण कोठे ठेवावे

आपण विशेषण नामाच्या आधी ठेवतो; इटालियनमध्ये ते बहुधा नंतर येते. रंग, आकार (गोल, चौकोनी) आणि देश सांगणारी विशेषणे तर नंतरच ठेवावीत. इटलीतील पोम्पेई येथे १९३८ मध्ये सापडलेली भारतीय हस्तिदंती मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे, आणि तेर व भोकरदन येथील मूर्तींशी तिचे साम्य अभ्यासकांनी दाखवले आहे. तिला ‘ऊना स्तातुएत्ता इंदियाना’ म्हणायचे, म्हणजे शब्दशः ‘एक छोटी मूर्ती भारतीय’. परंतु सुंदर, चांगला, मोठा, लहान, नवा, जुना, तरुण अशी रोजच्या वापरातील काही विशेषणे सहसा नामाआधी येतात, आणि त्यांतील काहींची जागा बदलली की अर्थही बदलतो. ‘उन वेक्क्यो आमीको’ म्हणजे जुना मित्र, ज्याच्याशी ओळख जुनी आहे. ‘उन आमीको वेक्क्यो’ म्हणजे वयाने म्हातारा मित्र. मराठीत यासाठी आपण दोन निराळे शब्द वापरतो, त्यांनी जागेवर भागवले आहे.

‘बेल्लो’ (सुंदर) आणि ‘ब्वोनो’ (चांगला) ही दोन विशेषणे नामाआधी आली की उपपदांचे अनुकरण करतात. ‘बेल्लो’ निश्चित उपपदासारखे वागते: ‘इल’ लागत असेल तेथे ‘बेल’, ‘लो’ असेल तेथे ‘बेल्लो’, ‘ई’ असेल तेथे ‘बेई’ आणि ‘ल्यी’ असेल तेथे ‘बेल्यी’. म्हणून सुंदर पैठणी ‘उन बेल सारी’ होते. ‘ब्वोनो’ मात्र ‘उन, ऊनो, ऊना’ यांच्या चालीवर जाते; ‘ब्वोनजोर्नो’ आणि ‘ब्वोनासेरा’ या अभिवादनांत हीच दोन रूपे दडलेली आहेत. ज्याची उपपदे पक्की आहेत, त्याला येथे नवे काही शिकायचे नाही.

‘माझा, माझी’ यांतही मराठी कामी येते. ‘इल मीओ लीब्रो’, ‘ला मीया कासा’ यांत वस्तूप्रमाणे रूप बदलते, जसे आपले ‘माझा, माझी, माझे’ बदलते. मालक पुरुष आहे की स्त्री, हे इटालियन सांगतच नाही; त्याचे पुस्तक आणि तिचे पुस्तक ही दोन्ही ‘इल स्वो लीब्रो’च. या शब्दांआधी उपपद लागते, पण आई, वडील, भाऊ अशा जवळच्या एका नातेवाइकासाठी ते गळते: ‘मीया माद्रे’ म्हणजे माझी आई.

सरावासाठी घरातील, शेतातील आणि बाजारातील वीस नामे निवडावीत, प्रत्येकापुढे एकवचनी आणि अनेकवचनी उपपद लिहावे, आणि एक चार रूपांचे व एक दोन रूपांचे विशेषण जोडून चारही ओळी मोठ्याने वाचाव्यात. वीस नामांत किमान सहा ‘ए’ने संपणारी आणि तीन ‘लो’ घेणारी असावीत, नाहीतर सराव सोप्या बाजूला झुकतो. पंधरा दिवसांनी तीच यादी उपपदे झाकून पुन्हा लिहून पाहावी. ज्या नामांपुढे हात अडखळेल, ती बहुधा ‘ए’ने संपणारीच निघतील, आणि तेवढीच वेगळ्या पानावर उपपदासह पुन्हा उतरवावीत.